एकट्यासाठी सेकंडहँड शिडाची बोट कशी निवडायची? अण्णांची हातोडी आणि मी

आजचा भाग मी नांदगावहून रेकॉर्ड करतोय, आमच्या घराच्या गच्चीवरून. मध्येच गाडीचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या. स्टेशन जवळ आहे आणि मनमाड-भुसावळ लाइनवर गाड्यांना खंड नसतो.

विषय ऐकून काही जण हसतील. नांदगावचा माणूस आणि शिडाची बोट? आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार हीच मोठी बातमी असते. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, पण त्याचं पाणी आम्हाला पुरत नाही आणि बरंचसं खाली जळगावकडे जातं. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी, नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर. पण पाण्याशी नातं असायला पाण्याजवळच जन्म घ्यावा लागतो असं काही नाही. शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात घेतलं आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत तेरावा आला. भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेमागचं स्वप्न ज्यांचं होतं, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायचे कुठे? फलटणजवळ विंचुर्णीला. तिथूनही समुद्र लांबच.

तर माझं सांगतो. मी उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात काम करतो. मुंबईत एका क्लबात आधी छोटी डिंगी चालवायला शिकलो, मग चार वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर फुकट हातभार लावला. दोर ओढ, शीड गुंडाळ, डेक धू. आणि मग डोक्यात किडा शिरला: स्वतःची बोट, आणि ती एकट्याने चालवायची. साठवलेले सहा लाख होते. त्यातले दीड लाख अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, निवृत्तीच्या पैशातले. हे आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्या दीड लाखाच्या ओझ्याखाली झालेत.

नवी यॉट आपल्या आवाक्यात नसते. सेकंडहँड मात्र मुंबई-गोव्याकडे अधूनमधून विकायला निघतात. त्यातल्या बऱ्याच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, फायबरग्लासच्या. चाळीस वर्षांची बोट म्हटल्यावर घाबरू नका. नीट बांधलेलं फायबरग्लास टिकतं. खराब होतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं.

पहिली बोट पाहिली ती अठ्ठावीस फुटी. पांढरीशुभ्र, निळा पट्टा, आत दोन जण झोपतील अशी केबिन, छोटं किचन. किंमत साडेचार लाख. मी फोटो पाहूनच मनात घेऊन टाकली होती. टोकन द्यायला निघालो तेव्हा अण्णा म्हणाले, “मीही येतो.” अण्णांनी आयुष्य मनमाडला रेल्वेत घालवलं, डब्यांच्या तपासणीत. गाडी उभी राहिली की हातोडी घेऊन चाकं ठोकत जायचं. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं.

बोट किनाऱ्यावर, लाकडी टेकूंवर उभी होती. मालक मला आतले दिवे, पंखा, म्युझिक सिस्टीम दाखवत होता. अण्णा वर डेकवर गेले आणि खिशातल्या स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेक ठोकायला लागले. टक, टक, टक... आणि डोलकाठीजवळ, एका बाजूला, आवाज बदलला. धप्प. पुन्हा टक. पुन्हा धप्प. अण्णांनी मला हाक मारली आणि हळूच म्हणाले, “इथं पोकळ लागतंय रे. ह्याच्यात जीव नाही राहिला.”

मालक म्हणाला, काही नाही, जुन्या बोटी अशाच वाजतात. मी तिथेच थांबलो आणि ओळखीच्या एका जाणकाराला बोलावलं. त्याने आर्द्रता मोजायचं यंत्र लावलं. डेकमध्ये पाणी मुरलेलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण जुन्या बोटीत पैसे बुडायची ही पहिली जागा. डेक सहसा सँडविचसारखा असतो: वर फायबरग्लासचा पातळ थर, खाली तसाच थर, आणि मधे हलकं लाकूड, बरेचदा बाल्सा. डेकवर जिथे जिथे बोल्ट मारलेत, तिथून सील फाटलं की पाणी आत झिरपतं आणि मधलं लाकूड कुजतं. वरून रंग मारला की बोट नवी दिसते. पायाखाली डेक किंचित दबतो, ठोकला की बद्द वाजतो. तो दुरुस्त करायचा म्हणजे वरचा थर कापून, कुजकं काढून, नवं भरून पुन्हा थर चढवायचे. बोटीच्या किमतीइतका खर्च तिथेच होऊ शकतो. म्हणून मंडळी, पहिला धडा: बोट बघायला जाताना हातोडी न्या. लोखंडी नको, प्लॅस्टिकची. आणि जमलं तर एक अण्णा न्या.

दुसरी बोट होती सत्तावीस फुटी. ही ठोकून पाहिली, खणखणीत. कागद चांगले, शिडं चांगली. मालक सज्जन. मी त्याला एक विनंती केली: “काका, ट्रायलला तुम्ही बसा, पण हात लावू नका. मी एकटा आहे असं समजा.” काका म्हणाले, चालेल.

सकाळी वारा मंद होता तेव्हा सगळं मस्त. दुपारी वारा चढला. इथे एक हिशेब लक्षात ठेवा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहा नॉटचा वारा वीस झाला की सकाळी शहाण्यासारखी वागणारी बोट दुपारी वेगळीच वाटते. अशा वेळी शीड लहान करायचं असतं, त्याला रीफ घेणं म्हणतात. या बोटीवर रीफ घ्यायला सुकाणू सोडून पुढे डोलकाठीपाशी जावं लागत होतं. मी सुकाणू दोराने बांधलं, पुढे गेलो, दोर सोडला. तेवढ्यात बोट वाऱ्याकडे वळली, शीड फडफडायला लागलं, मी परत धावत मागे, सुकाणू सरळ केलं, परत पुढे. तीनदा असं झालं. रीफ पूर्ण व्हायला अकरा मिनिटं लागली. हात सोलले. काका शांतपणे म्हणाले, “आम्ही नेहमी तिघं असायचो ना.”

ते एक वाक्य मला सगळ्या यूट्यूब व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवून गेलं. ती बोट तिघांची होती. चांगली होती, पण माझी नव्हती.

तिथून मी माझा प्रश्नच बदलला. “माझ्या पैशात सगळ्यात मोठी बोट कोणती?” हा प्रश्न सोडला. नवा प्रश्न असा: मी थकलोय, रात्र आहे, वारा वाढलाय, बरोबर कुणी नाही, तेव्हा कुठली बोट माझ्याच्याने सांभाळली जाईल? नांगर मला एकट्याला, हाताने वर ओढता येईल का? मोठं शीड एकट्याला चढवता-उतरवता येईल का? धक्क्याला लागताना मी एका उडीत दोर बांधू शकेन का? याची उत्तरं ‘हो’ असतील तेवढीच लांबी घ्या.

कुणी म्हणेल, मग कमांडर दिलीप दोंदे तर ‘म्हादेई’ घेऊन गेले आणि ती छप्पन फुटांची! खरंय. १९ ऑगस्ट २००९ला ते मुंबईहून निघाले आणि मे २०१०मध्ये परत मुंबईला आले. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत चारच थांबे: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले आणि केप टाउन. पण ‘म्हादेई’ गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात, याच कामासाठी बांधली होती. आणि दोंदे ती बांधली जात असताना तिथे होते. कुठला दोर कुठून जातो, कुठला बोल्ट कुठे आहे, हे त्यांना माहीत होतं. आपण सेकंडहँड घेतो तेव्हा ही ओळख आपल्याला उलट्या बाजूने, एकेक बोल्ट उघडून करून घ्यावी लागते.

दुसरं उदाहरण जास्त जवळचं आहे. एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारणारी पहिली बोट म्हणजे ‘सुहैली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून १९६८च्या जूनमध्ये निघाला आणि ३१२ दिवसांनी, एप्रिल १९६९ला, परतला. ही बोट बांधली कुठे माहितीये? आपल्या मुंबईत, कुलाब्याला. सागवानाची. लांबी फक्त बत्तीस फूट. त्या काळीही ती जुन्या वळणाची, जड आणि हळू चालणारी मानली जायची. पण ती टिकली. त्याच शर्यतीच्या आठवणीत सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आजही जुन्या डिझाइनच्या, बत्तीस ते छत्तीस फुटी, लांब कीलच्या बोटीच चालतात. २०१८च्या शर्यतीत पहिल्या तिन्ही बोटी ‘रस्टलर ३६’ या एकाच डिझाइनच्या होत्या. त्याच शर्यतीत आपला अभिलाष टॉमी ‘सुहैली’च्याच धर्तीवर बांधलेली ‘तुरिया’ घेऊन उतरला होता. दक्षिण हिंदी महासागरात वादळात त्याची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला आणि मग त्याला वाचवण्यात आलं. तोच माणूस २०२२च्या शर्यतीत रस्टलर ३६ घेऊन पुन्हा उतरला आणि २९ एप्रिल २०२३ला दुसरा आला.

याचा अर्थ आपण सगळ्यांनी लांब कीलची जड बोट घ्यावी असं नाही. कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा तो जड भाग, जो तिला उलटू देत नाही आणि सरळ चालवतो. लांब कीलची बोट रेघेत चालते, सुकाणू क्षणभर सोडलं तरी भरकटत नाही. एकट्याला ते वरदान. पण बंदरात मागे घेताना, वळवताना ती हट्टी. आखूड कीलची बोट चपळ, पण सतत हात मागते. आणि आपल्या कोकणच्या खाड्यांचा विचार करा. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरतीचं पाणी पाच मीटरपर्यंत चढतं. खाडीच्या तोंडाशी वाळू सरकत असते. ओहोटीला बोट बसली तर खोल कीलची बोट कुशीवर पडते. दोन छोट्या कील असलेली, जिला बिल्ज कील म्हणतात, ती दोन पायांवर उभी राहते. वेग थोडा कमी, पण चिखलात उभी राहून चहा करता येतो.

आता पटापट तपासणीची यादी सांगतो. फोनवर नोट करून घ्या.

एक, दोर. शीड चढवायचा, उतरवायचा, रीफ घ्यायचा, सगळे दोर मागे, बसायच्या जागेपर्यंत आलेत का? पुढचं शीड गुंडाळायचं फर्लर आहे का? नसेल तर बसवायचा खर्च किमतीतून वजा करा.

दोन, तिसरा हात. म्हणजे सुकाणू धरणारं यंत्र. लहान बोटीला टिलरपायलट पुरतो, तो बॅटरीवर चालतो. लांबच्या प्रवासाला वाऱ्यावर चालणारं विंडव्हेन. एकट्याच्या बोटीत ही चैन नाही, हा दुसरा खलाशी आहे. ट्रायलला तो लावून दहा मिनिटं हात बांधून बसा.

तीन, तारा. डोलकाठी उभी धरणाऱ्या स्टीलच्या तारा. दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलायच्या हा साधारण नियम. मालकाला विचारा, कधी बदलल्या? “आठवत नाही” हे उत्तर म्हणजे “तुम्हीच बदला”. तारेवरून कापूस फिरवा. अडकला तर एखादा तंतू तुटलाय. हात फिरवू नका, रक्त येईल. आणि त्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवल्यात, त्या डेकमधून आत जातात तिथे गंज पाहा.

चार, शिडं. उन्हासमोर धरा. शिवण उसवलेली दिसते. कापड कागदासारखं करकरत नसेल आणि पिशवीसारखं ढिलं झालं असेल, तर ते संपलंय.

पाच, भोकं. बोटीला पाण्याखाली जेवढी भोकं, तेवढे झडप-नळ. प्रत्येक फिरवून बघा. जाम असेल तर धोका. प्रत्येकाशेजारी लाकडी गुट्टी दोरीने बांधलेली हवी. नळ तुटला तर तीच ठोकायची.

सहा, तळ. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय घेऊ नका. फोड आलेत का बघा. कील जिथे जोडलीय तिथली भेग बघा, गंजाचे ओघळ बघा. सुकाणू हाताने हलवा, खुळखुळतंय का बघा.

सात, इंजिन. थंड इंजिन स्वतः सुरू करा. तुम्ही यायच्या आधीच मालकाने गरम करून ठेवलं असेल तर त्याला विचारा, का?

आता पैशांचं. माझा नियम: हातात सहा लाख असतील तर चारच्या वरची बोट बघायची नाही. उरलेले दोन पहिल्याच वर्षी जातात. तारा, बॅटरी, तळाचा रंग, लाइफजॅकेट, रेडिओ. शिवाय आपल्याकडे पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर बोट बाहेर काढून झाकून ठेवायची, त्याचं भाडं, क्रेनचा खर्च. आणि कागद: नोंदणी कुणाच्या नावावर, बोट परदेशातून आली असेल तर कस्टम ड्युटी भरल्याची पावती, इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे का, नांगरवाड्याचं भाडं थकलंय का. कागद नाहीत तर बोट नाही. कितीही स्वस्त असली तरी.

आता जरा अवघड गोष्ट. आईने मला एकच प्रश्न विचारला होता: “तू पाण्यात पडलास तर बोट कोण थांबवणार?” मी थट्टेवारी नेलं. मग रात्री हिशेब केला. बोट पाच नॉटने चालली तर ताशी नऊ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. जगातला सगळ्यात वेगवान पोहणारा शंभर मीटर सेकंदाला साधारण दोन मीटरने कापतो. म्हणजे ऑलिंपिकचा सोनेरी पठ्ठ्याही चालत्या बोटीला गाठू शकत नाही. मी तर नांदगावचा, विहिरीत पोहायला शिकलेला. एका मिनिटात बोट दीडशे मीटर पुढे, आणि तिच्यावर कुणी नाही.

म्हणून एकट्यासाठी बोट बघताना हे बघा: बसायच्या जागेपासून पुढच्या टोकापर्यंत, अंगाला पट्टा बांधून, तो एकदाही न सोडता जाता येतं का? पट्टा आखूड हवा, इतका की पडलात तरी काठाबाहेर जाणार नाही. पाण्यातून हात पोहोचेल अशी शिडी आहे का? बऱ्याच बोटींना शिडी असते, पण ती फक्त वरून उघडते. एकट्याच्या काय कामाची? मी ट्रायलला नांगर टाकून, कपड्यांसकट, स्वतः पाण्यात उतरून चढून पाहिलं. हसले लोक. हसू द्या. रेडिओ सोळा नंबरच्या चॅनेलवर, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये आणि केबिनच्या भिंतीवरही. आणि निघताना घरी सांगायचं: कुठे जातोय, किती वाजता परत येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं.

शेवटी मी काय घेतलं? बावीस फुटी. पन्नास वर्षांपूर्वीची. रंग उडालेला, केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नाही, चहा बसूनच करावा लागतो. दोन छोट्या कील, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. पावणेचार लाख. अण्णांनी सगळा डेक ठोकला. शेवटच्या ठोक्यापर्यंत आवाज एकच. मालकाला म्हणाले, “चाक चांगलं आहे.” त्याला काही कळलं नाही.

तारा बदलल्या, दोर मागे आणले, टिलरपायलट लावला. यात माझा एक पूर्ण हिवाळा गेला. फेब्रुवारीत पहिल्यांदा एकटा निघालो. सकाळच्या मतलई वाऱ्यावर मांडव्यापर्यंत गेलो, नांगर टाकला, आईने दिलेली भाकरी खाल्ली. परतीला दुपारी वायव्येचा वारा समोरून, आणि चांगलाच. बोट कलली, पाणी अंगावर. पायलट लावला, पट्टा अडकवला, बसल्या जागेवरून दोर सोडला, रीफ घेतला. घड्याळ पाहिलं नव्हतं, पण दोन-तीन मिनिटांत झालं असेल. बोट सरळ झाली आणि चालायला लागली. तेव्हा मला ती अकरा मिनिटं आठवली आणि ती सत्तावीस फुटी. मनातल्या मनात काकांचे आभार मानले.

धक्क्याला लागलो, दोर बांधला आणि अण्णांना फोन केला. ठरलेल्या वेळेला वीस मिनिटं होती. पहिल्याच रिंगला उचलला. “पोचलास?” “पोचलो.” “बरं.” एवढंच. मागून आईचा आवाज आला, “मी म्हटलं होतं ना, फोन हातात धरून बसू नका.”

दीड लाख मी अजून फेडतोय, दर महिन्याला थोडे. अण्णा घेत नव्हते, पण मी सांगितलं, नाहीतर बोट तुमच्या नावावर करतो. तेव्हा घ्यायला लागले.

तर मंडळी, कुणाला खरंच बोट घ्यायची असेल तर घाई करू नका. आधी दोन-चार वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर दोर ओढा. आपला हात कुठे कमी पडतो ते कळतं, आणि तेवढीच बोट घ्या. तुमच्या ओळखीत कुणी एकट्याने शिडाची बोट चालवत असेल, कोकणातला एखादा जुना खलाशी असेल, तर मला जरूर कळवा, त्यांच्याशी बोलायला आवडेल. आता गच्चीवरून खाली जातो, अण्णा जेवायला थांबलेत. भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा!